निकॉन एफएम की एफई? जुना फिल्म कॅमेरा घेताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावांतले फोटो स्टुडिओ डिजिटलवर गेले, पण त्यांचे फिल्मचे कॅमेरे बऱ्याच ठिकाणी कपाटातच राहिले. आता पुन्हा रोलवर फोटो काढायची हौस आलेली मंडळी ते शोधत फिरतात आणि हमखास दोन नावांपाशी अडतात: निकॉन एफएम आणि निकॉन एफई. एफएम १९७७ साली आला, एफई १९७८ साली. आकार तोच, लेन्सचा माउंट तोच, फिल्मपुढचा पडदा (शटर) उघडण्याचा कमाल वेग १/१००० सेकंद, फ्लॅशशी जुळणारा वेग १/१२५, सेलही तेच, बटणासारखे दोन. फरक आत आहे. एफएमचं शटर पूर्ण यांत्रिक आहे आणि सगळं हातानं ठरवावं लागतं. एफईचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. त्यात अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं छिद्र) तुम्ही ठरवलं की वेग कॅमेरा ठरवतो, आणि हवं तर वेगही हातानं लावता येतो.

इतकं सारखं असल्यामुळेच निवडीत चुका होतात. लोक कॅमेऱ्याचं नाव पाहून भांडतात. आपण कुठे आणि कोणत्या उजेडात फोटो काढणार, याचा विचार मागे राहतो.

चूक पहिली: "सेल नसला तरी चालते" एवढ्यावर एफएम घेणं

विकणारा हे वाक्य हमखास ऐकवतो. "भाऊ, सेल गेला तरी मशीन चालूच राह्यते." खोटं नाही ते. एफएमचं शटर सेलशिवाय सगळ्या वेगांवर चालतं. पण सेल गेला की त्याचा उजेड मोजणारा मीटरही जातो, हे कोणी सांगत नाही. मग उजेडाचा अंदाज तुम्हालाच बांधावा लागतो. कडक उन्हात तो जमतो: अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटरवेग फिल्मच्या आयएसओच्या (रोलवर लिहिलेल्या संवेदनशीलतेच्या आकड्याच्या) आसपास, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०. पण गोठ्यात, ओसरीत किंवा संध्याकाळच्या बाजारात हा हिशोब चालत नाही.

उलट एफई सेलशिवाय अगदीच मुकी होते असंही नाही. डायलवर एम९० नावाची एक यांत्रिक खूण आहे. तिथे शटर १/९० सेकंदावर चालतं, आणि बी वरही (बटण दाबून धराल तोवर उघडं) चालतं. काम अडलं तर तेवढ्यावर निभावता येतं.

आणि प्रश्न आहे किती पैशांच्या वस्तूचा? एलआर४४ चे दोन सेल. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे, कॅल्क्युलेटर विकणाऱ्याकडे ते मिळतात. शक्य असेल तर सिल्व्हर ऑक्साइडचे, म्हणजे एसआर४४ घ्या. त्यांचा विद्युतदाब शेवटपर्यंत स्थिर राहतो. एक जोडी कॅमेऱ्यात, एक पिशवीत. हिमालयात कडाक्याच्या थंडीत सेल बसतात म्हणून यांत्रिक कॅमेरा न्यावा, हे कारण पटतं. पण चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ते लागू होत नाही. एफएम घेण्याची खरी कारणं वेगळी आहेत, ती पुढे येतीलच.

दुरुस्तीचा मुद्दा मात्र खरा आहे. एफएमचं शटर अडलं तर जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांवर हात बसलेला कारागीर ते उघडून, साफ करून सुरू करू शकतो. एफईचं सर्किट जळलं तर दुसऱ्या मेलेल्या एफईचे भाग काढून लावण्याखेरीज फारसा उपाय नसतो. गावाजवळ असा कारागीर आहे का, निदान नागपूर-अमरावतीत कोणी ओळखीचं आहे का, हे घेण्याआधी विचारा. कोणीच नसेल, तर एफएमचा हा फायदाही कागदावरच राहतो.

चूक दुसरी: एफईच्या ऑटोवर डोळे मिटून विश्वास

दोन्ही कॅमेऱ्यांचा मीटर चित्राच्या मधल्या १२ मिलिमीटरच्या वर्तुळाला ६० टक्के वजन देतो, उरलेल्या चौकटीला ४०. आणि जे दिसेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. आपल्या शिवारात करडं फार कमी असतं. नांगरलेली काळी जमीन, फुटलेली पऱ्हाटी, पांढरा गवळाऊ बैल: सगळं टोकाचं.

काळ्या वावरात उभा गवळाऊ घ्या. दुरून काढला तर चौकटीत माती जास्त, मीटरला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि बैलाच्या अंगावरचा सगळा तपशील धुऊन निघतो. जवळ जाऊन चौकट बैलानं भरली तर उलटं होतं: मीटर उजेड कापतो, बैल मळकट आणि माती नुसती काळी. कापूस वेचणीच्या फोटोंतही तेच होतं. पांढऱ्या बोंडांमुळे बायांचे चेहरे काळवंडून येतात.

एफएमवर ही चूक कमी होते, कारण हातानं लावताना माणूस निदान विचार करतो. एफईवर ती सहज होते, पण टाळायची सोयही तिच्यातच आहे. पुढच्या बाजूला सेल्फ-टायमरचा दांडा आहे, तो लेन्सकडे दाबून धरला की मीटरनं घेतलेलं माप धरून ठेवलं जातं. माणसाच्या चेहऱ्यावर किंवा त्याच उन्हातल्या सुकलेल्या गवतावर माप घ्या, दांडा दाबा, चौकट लावा, फोटो काढा. पोळ्याला बैलांच्या रांगेसमोर झूल, बेगड, ऊन-सावली क्षणाक्षणाला बदलत असते. तिथे ही युक्ती जमली की एफईसारखा कॅमेरा नाही. मी पोळ्याला आणि आठवडी बाजारात एफईच नेईन, एफएम नाही.

एक पोटचूक. एफईच्या डाव्या बाजूला, रोल गुंडाळायच्या बटणाभोवती, उजेड दोन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी-जास्त करायची चकती आहे. पांढऱ्या कापसासाठी अधिक एकवर नेलेली चकती परत शून्यावर आणायची राहून जाते आणि पुढचा अख्खा रोल तसाच निघतो. रंगीत निगेटिव्ह एखादा स्टॉप जास्त सहन करते. स्लाइड फिल्म करत नाही.

चूक तिसरी: रात्रीचा विचारच न करणं

दिवसा दुकानात बसून दोन्ही कॅमेऱ्यांतून पाहिलं तर एफईचा मीटर जास्त आवडतो. डाव्या कडेला वेगांची पट्टी, त्यावर काळी सुई मीटरचं सांगणं दाखवते, हिरवी सुई तुम्ही लावलेला वेग. किती फरक आहे ते एका नजरेत कळतं. एफएममध्ये नुसते अधिक, शून्य आणि वजा असे तीन लाल दिवे.

आता हेच दोन कॅमेरे घेऊन झाडीपट्टीच्या नाटकाला जा. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे रात्रभर नाटकं चालतात. मंडपात अंधार, रंगमंचावर उजेड. एफईच्या सुईला स्वतःचा उजेड नाही. मागचा पडदा काळा असला की काळी सुई त्यातच हरवते आणि तुम्ही अंदाजानं बटण दाबता. एफएमचे लाल दिवे अंधारात ठळक दिसतात. रात्रीची नाटकं, भजनं, दंडार हेच तुमचं काम असेल तर एफएम घ्या. सेलशिवाय चालण्यापेक्षा हे कारण कितीतरी मोठं आहे.

चूक चौथी: समोरच्या फोटोवरून सौदा

ऑनलाइन विकणारे बहुधा पुढून काढलेला एकच फोटो टाकतात. त्यावरून हे दोन कॅमेरे पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. वरून काढलेला फोटो मागा. शटरच्या डायलवर ऑटो लिहिलेलं असेल तर एफई, नसेल तर एफएम.

हातात आल्यावर बाहेरचे ओरखडे पाहण्यात वेळ घालवू नका. आधी तळाचं झाकण नाण्यानं उघडून सेलचं घर पाहा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर जुना सेल आत गळलेला आहे. नुसत्या झाकणाला असेल तर ती साफ होते, पण आत तारेपर्यंत गेली असेल तर कॅमेरा सोडा.

मग मागचं दार उघडा. दाराच्या खाचांत काळा फोम असतो. तो इतक्या वर्षांत डांबरासारखा चिकट होतो किंवा त्याचा भुगा होतो. आरशावर आदळ झेलणाऱ्या पट्टीचंही तेच. हा मोठा दोष नाही, नवीन फोम घालता येतो, पण भाव पाडायला चांगलं कारण आहे. जुना काढताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि काडी वापरा. भुगा शटरच्या पात्यांवर पडू देऊ नका, पात्यांना बोटही लावू नका.

शटर तपासायला मोबाइल पुरतो. मागून दार उघडं ठेवून, समोर उजेड धरून, स्लो मोशनमध्ये प्रत्येक वेगाचा व्हिडिओ घ्या. एक सेकंदाचा वेग खरंच एक सेकंद टिकतो का, हे कानालाही कळतं. एफएममध्ये संथ वेग अडखळत असतील तर आत वंगण सुकलेलं असतं. एफईत सगळे वेग बिनचूक आणि फक्त मीटरची सुई उड्या मारत असेल, तर डायलच्या आतल्या रेझिस्टरवर मळ साचल्याचा संभव आहे. सेल काढून आयएसओची चकती पंधरा-वीस वेळा मागे-पुढे फिरवली की बऱ्याचदा फरक पडतो.

दोन्हींपैकी जो चांगल्या स्थितीत मिळतोय तो घ्या. उत्तम एफई आणि मळलेला एफएम समोर असेल, आणि तुम्ही केवळ नावासाठी एफएम उचलणार असाल, तर खिशाला हात घालूच नका.

चूक पाचवी: "घरची लेन्स बसते" म्हणून खूश होणं

लग्नाच्या कामातली १८-५५ ही डीएसएलआरची लेन्स दोन्हीवर बसते, आणि इथेच फसगत होते. तिच्यावर अ‍ॅपर्चरची रिंगच नाही. बघताना सगळं लख्ख दिसतं, पण बटण दाबल्यावर लेन्स सगळ्यात बारीक छिद्रावर जाते, आणि वर कोपरे काळे येतात. त्याऐवजी ५० मिलिमीटर १.८ डी लेन्स बऱ्याच फोटोग्राफरांकडे पडून असते. तिला रिंग आहे. रिंग एफ २२ च्या कुलपातून सोडवा आणि वापरा.

१९७७ च्या आधीच्या जुन्या निकॉन लेन्सही एफएम-एफईवर लागतात, कारण माउंटजवळचं लहान बोट वर दुमडता येतं. एफएम२ आणि एफई२ या पुढच्या मॉडेलांवर ते दुमडत नाही. तिथे तशी लेन्स जबरदस्तीनं फिरवली तर नुकसान होतं.

बिघाड नसलेले बिघाड

बटण दाबत नाही: रोल पुढे सरकवायचा दांडा अंगाला चिकटलेला असेल. तो थोडा बाहेर ओढा, त्यानंच मीटर सुरू होतो आणि बटण सुटतं. काम झालं की परत आत दाबा, नाहीतर पिशवीत सेल संपत राहतो. डाव्या डोळ्यानं पाहणाऱ्याला तो दांडा कपाळाला टोचतो. त्यावर इलाज नाही.

एफईचं शटर उघडंच राहिलं: झाकण लेन्सवर असताना ऑटोवर बटण दाबलंय. अंधार दिसला म्हणून कॅमेरा लांब वेळ मोजतोय. डायल एम९० वर न्या. सेल संपल्यावर आरसा वर अडकला तरी हाच उपाय. नवा रोल भरून पहिले कोरे फोटो उडवतानाही डायल एम९० वरच ठेवा.

एफएमचा एकही दिवा लागत नाही: आधी सेल बदला, त्यांची दिशा पाहा, मगच दुरुस्तीचं बोला. एफईला सेल तपासायचा वेगळा दांडा मागच्या बाजूला आहे. तो दाबल्यावर लाल दिवा लागायला हवा.

ऊन आणि पाऊस

१/१००० ही दोघांचीही मर्यादा आहे. आपल्या दुपारच्या उन्हात ४०० चा रोल भरला तर एफ ११ पेक्षा फार मोठं छिद्र उघडता येत नाही, मागचं धूसर करायचं विसरा. उन्हाळ्यात १०० किंवा २०० चा रोल घ्या. रोल गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. ४५ अंशांच्या दिवशी आत त्याहून किती तरी जास्त तापतं आणि रंग बिघडतात. घरी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नका, पाणी सुटतं.

पावसाळ्यात जुन्या चामडी पेटीत कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बरं. तांदळात पुरून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याचं पीठ लेन्सच्या फटींत जातं.

पहिला रोल लग्नाला नको

पहिला रोल घरच्या अंगणात संपवा, प्रत्येक फोटोचं अ‍ॅपर्चर आणि वेग वहीत लिहा, आणि लॅबला पाठवताना निगेटिव्ह परत मागा. नुसत्या स्कॅनवरून काही कळत नाही, स्कॅन करणारा उजेड सावरून घेतो. निगेटिव्ह खिडकीपाशी धरा. कडेनं काळे पट्टे असतील तर दाराचा फोम गेला. सगळे फोटो पातळ, पारदर्शक असतील तर मीटर जास्त उजेड दाखवतोय किंवा आयएसओ चुकीचा लावलाय. फोटोंमधली जागा कमी-जास्त होत असेल तर रोल पुढे ओढणाऱ्या यंत्रणेत दोष आहे. आणि फक्त १/१००० च्या फोटोंत वरची किंवा खालची कड वेगळी दिसत असेल, तर शटरच्या दोन पडद्यांचा वेग जुळत नाही. दुरुस्ती होईपर्यंत १/५०० च्या वर जाऊ नका.