हुकाची पिन: मिनी ट्रॅक्टरमागे ट्रॉली, टँकर, ब्लोअर जोडताना या चुका टाळा

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतला वीस-पंचवीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर दिवसातून चार वेळा काही ना काही जोडतो, सोडतो. सकाळी फवारणीचा ब्लोअर, दुपारी शेणखताची ट्रॉली, संध्याकाळी पाण्याचा टँकर. प्रत्येकाची कडी वेगळी, भोक वेगळं. पिन मात्र एकच, हुकाला साखळीने बांधलेली.

ती पिन वाकली की दुकानात जाऊन "अजून जाड द्या" म्हणायचं, ही पहिली चूक. आधी जुनी पिन हातात घेऊन बघा ती कुठे वाकली आहे. त्यावरून दुखणं कळतं.

मधोमध वाकलेली पिन

केळ्यासारखा बाक आला असेल तर हुकाचं तोंड, म्हणजे त्याच्या दोन पट्ट्यांमधली जागा, कडीच्या मानाने रुंद आहे. थोडा हिशोब करू. १६ मि.मी.ची साध्या एमएस (माइल्ड स्टील) लोखंडाची पिन दोन पट्ट्यांमध्ये घट्ट बसलेली असेल आणि कडी दोन्ही पट्ट्यांना भिडत असेल, तर पिन कातरायला पाच टनांहून जास्त ओढ लागते. आठ-नऊशे किलोचा ट्रॅक्टर फार तर आपल्या वजनाइतकी ओढ देईल, त्यापुढे चाकंच जागेवर फिरतात. म्हणजे १६ची पिनसुद्धा पुरून उरायला हवी.

पण तोंड ६० मि.मी. रुंद आणि त्यात १६ मि.मी. जाडीची कडी मधोमध लोंबकळत असेल, तर तीच पिन साधारण साडेसहाशे किलोच्या ओढीला वाकायला लागते. भरलेली ट्रॉली बांधावरून काढताना एवढी ओढ सहज येते. यावर उपाय दोन. कडीच्या खाली-वर जाड वायसर किंवा पाइपाचा तुकडा टाकून मोकळी जागा भरून काढा. कडीला वर-खाली हलायला ३-४ मि.मी. राहू द्या, नाहीतर चढ-उतारावर ती अडकते. किंवा भोकं तेवढी असतील तर २२ मि.मी.ची पिन घ्या. त्याच ६० च्या तोंडात ती सतराशे किलोंपर्यंत तग धरते. सहा मि.मी. वाढले, ताकद अडीच पटीच्या वर गेली.

एका टोकाला वाकलेली पिन

हुकाला एकच पट्टी आहे आणि कडी तिच्यावर नुसती ठेवलेली आहे, असं समजा. अशा वेळी पिन एका बाजूनेच धरलेली असते. ओढ पट्टीपासून २५ मि.मी. वर लागली तर १६ची एमएस पिन चारशे किलोंच्या आसपासच मान टाकते. इथे पिन बदलत बसू नका, हुकाला वरून दुसरी पट्टी जोडून घ्या. खर्च एकदाच होतो.

सूत आणि मिलिमीटरचा घोळ

दुकानात पिन सुतात मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मि.मी.च्या आत-बाहेर. पाच सुती म्हणजे जवळजवळ १६ मि.मी., सहा सुती १९, सात सुती २२. थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे अवजार उचलणाऱ्या मागच्या तीन दांड्यांना, कॅटेगरी १ या मापात टॉप लिंकची (वरच्या दांडीची) पिन १९ मि.मी.ची आणि खालच्या हातांची २२ची असते. कॅटेगरी २ मध्ये त्याच अनुक्रमे २५ आणि २८. हुकाची पिन सापडली नाही म्हणून ट्रॅक्टरबरोबर आलेली टॉप लिंकची पिन ट्रॉलीच्या हुकात ढकलली, की २२-२३च्या भोकात १९ची पिन खुळखुळते. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक क्लचला ट्रॉली ३-४ मि.मी. धावत येऊन पिनेवर आदळते. स्थिर ओढीपेक्षा हा दणका फार वाईट. कानाला ठणठण ऐकू येत असेल तर भोक आणि पिन वर्निअरने मोजा. भोक लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडून मोजा. झिजलेलं भोक लंबगोल झालेलं असतं.

हुकाच्या पट्ट्यांत पिन भोकापेक्षा १ ते १.५ मि.मी. बारीक हवी. कडीचं भोक मात्र २-३ मि.मी. ऐसपैस ठेवा, कारण सऱ्यांवरून जाताना ट्रॉली तिरपी होते.

भोक लंबगोल झालं की गॅसने मोठं करून जाड पिन बसवण्याचा मोह होतो. तो आवरा. भोकाच्या कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंत निदान पिनेच्या जाडीइतकं लोखंड उरलं पाहिजे. नाहीतर पिन शाबूत राहते आणि पट्टीचं टोक फाटून येतं. त्यापेक्षा टर्नरकडून बुश करून वेल्ड करून घ्या. पिन आत ठेवून वेल्डिंग नको.

बोल्ट, सळई, पाट्याचा तुकडा

बोल्ट चालतो, पण आटे भोकात येता कामा नयेत. २० मि.मी.च्या बोल्टच्या बिनआट्याच्या भागाचा छेद ३१४ चौरस मि.मी. असतो, आट्यांमध्ये तो २४५ उरतो. शिवाय आटे चेपले की बोल्ट हातोडीशिवाय निघत नाही. डोक्यावर ८.८ हा ताकदीचा ग्रेड असलेला, भोकाच्या बाहेर आटे सुरू होणारा लांब बोल्ट घ्या आणि नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट लावा.

बांधकामाची सळई वापरणारे पुष्कळ. तिच्या उंचवट्यांवरच सगळा भार येतो, ते भोकाला कानसासारखे घासतात, आणि डोकं म्हणून वर वायसर वेल्ड केला की नेमकी तिथेच सळई कच्ची होते. कमानीच्या पाट्यातून किंवा जुन्या एक्सलमधून तासलेली, लाल करून पाण्यात बुडवलेली पिन तर आणखी धोक्याची. एमएस पिन आधी वाकून इशारा देते, ही काचेसारखी अचानक तुटते. टर्नरकडून करून घ्यायची तर ईएन-८चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) ब्राइट बार सांगा आणि पाण्यात न बुडवता तशीच वापरा.

पिन तुटत नाही, निघून जाते

पिन वरून खाली घाला, डोकं वर. खालून घातलेली पिन क्लिप गेली की त्याच क्षणी पडते. वरून घातलेली निदान काही वेळ वजनाने जागेवर राहते. लांबी मोजताना डोक्यापासून क्लिपच्या भोकापर्यंतच मोजा, एकूण लांबी कामाची नाही. सगळ्या पट्ट्या, कडी आणि वायसर यांची जाडी अधिक ५-६ मि.मी. एवढी ती हवी. फार लांब ठेवली तर खालचं टोक बांधाला, दगडाला लागतं आणि क्लिप तिथेच उडते.

आर पिन (R आकाराची तारेची क्लिप) रस्त्यावर ठीक. गवतात, उसाच्या पाचटात किंवा तारांच्या बागेत ती अडकून निघते, तिथे गोल कडीची लिंच पिन लावा. कडी दाबल्यावर खटकन बसत नसेल तर स्प्रिंग मेली आहे, टाकून द्या. तार गुंडाळणं हे क्लिपचं काम करत नाही. ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत जाणारी जाड साखळी वेगळी हवी, पिन हरवू नये म्हणून बांधलेली बारीक साखळी वेगळी.

जी चूक जिवावर बेतते

टॉप लिंकच्या जागी पिन घालून काहीही ओढू नका. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे पलटतो. ओढ नेहमी खालच्या ठरलेल्या हुकालाच. ब्लोअरमध्ये ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो फक्त पाण्याचे. एवढं वजन मागे घेऊन चढावर निघताना पुढचं स्टिअरिंग हलकं वाटलं तर तिथेच थांबा आणि जोडणी तपासा.

आणि रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा) शिअर बोल्ट हा या सगळ्याला अपवाद. तो मुद्दाम कमजोर असतो, दगड लागला की तुटायलाच हवा. तिथे ठरलेल्यापेक्षा वरच्या ग्रेडचा बोल्ट घातला तर पुढचा दगड गिअरबॉक्स मोडू शकतो. कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापाचे आणि ग्रेडचे चार-पाच बोल्ट टूलबॉक्समध्ये, हुकाच्या पिनांपासून वेगळ्या डबीत ठेवा.