परसातलं झाड ओळखायला निघताना
जळगावात आम्ही जुनं घर घेतलं, त्याच्या परसात एक झाड आहे. गल्लीत कोणालाही विचारा, निंबच सांगणार. पण जानेवारीत पानं सगळी गळाली तरी फांद्यांवर पिवळ्या गोट्यांचे घोस तसेच, आणि निंबोळ्या तर जून-जुलैत पिकतात ना भाऊ. म्हणून म्हटलं ओळखूच, आणि दोनदा अर्धवट तयारीने जाऊन आल्यावर ही यादी झाली.

मोबाइल चार्ज असू द्या, सोबत स्केल, जुना पेपर, पांढरा कागद, पेन्सिल आणि छोटा चाकू घ्या. जायचं सकाळी, उन्हाळ्यात दहानंतर आपल्याकडे उभं राहवत नाही आणि फोटोही पांढरे फटक येतात.

सगळ्यात जास्त घोळ पानात होतो. एक पान म्हणजे नेमकं किती हेच आधी ठरवायचं, म्हणजे देठ फांदीला जिथं चिकटतो त्या बेचक्यात बारीक डोळा, म्हणजे कोंब, दिसला की तिथून पुढचं सगळं मिळून एक पान, नुसत्या पर्णिकेच्या, म्हणजे दांडीवरच्या छोट्या पानाच्या, बुडाशी तो डोळा नसतो. मी पहिल्यांदा एकच पर्णिका तोडून फोटो काढला, झाडं ओळखायच्या ॲपने तीन वेगळी नावं दिली. निंबाच्या पानाला एकच दांडी आणि दोन्ही बाजूंना कातरलेल्या, जरा वाकड्या पर्णिका असतात. माझ्या झाडाला पालवी फुटल्यावर पाहिलं तर दांडीला परत दांड्या फुटलेल्या आणि पर्णिका त्यांच्यावर. म्हणून अख्खं पान पेपरवर पसरून, शेजारी स्केल ठेवून फोटो घ्या, पाठच्या बाजूचाही. देठ मोडल्यावर चीक येतो का तेही बघा, फक्त हात डोळ्याला लावू नका.

सालीसाठी कागद खोडावर धरून पेन्सिल घासली की भेगा उमटतात, तेवढं पुरे, चाकूने खोड सोलत बसू नका. चाकू फळासाठी आहे. गर काढून बी बघायची, निंबोळीची बी गुळगुळीत आणि लांबट, माझ्या झाडाची कडक, उभ्या खाचांची आणि मधे भोक, थेट माळेचा मणी. चव मात्र अजिबात घ्यायची नाही, पिकली निंबोळी पोरं चोखतात पण बकाण निंबाचं, म्हणजे निंबासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाचं, फळ विषारी असतं, आणि माझं झाड तेच निघालं.

शेवटची तयारी म्हणजे शेजारची आजी. तिला झाडाचं नाव विचारू नका, ती निंबच म्हणेल. मी फुलांचा रंग विचारला. "जांभया जांभया येतस," म्हणाली, म्हणजे जांभळी येतात. निंबाचं फूल तर पांढरं.