'द'वर लिहिलेला 'तो'

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवायला शिक्षणसेवक (पहिली काही वर्षं ठरावीक मानधनावर काम करणारी शिक्षिका) म्हणून लागले तेव्हा मानधन 8,000 होतं. 2023 मध्ये माध्यमिकचं 18,000 झालं, तेवढे तुम्ही नवे शिक्षक सुटलात. पाठटाचणाबद्दल, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याबद्दल, सांगत बसत नाही, ते बी.एड.ला घोटून घेतात.

मी फसले ते अर्थ सांगण्यात. इंग्रजी वाक्य वाचायचं, लगेच मराठी करायचं. मुलं पेन्सिलीने शब्दाशब्दावर अर्थ टिपायची. वर्ग चिडीचूप, मी खूश. सहामाहीला न वाचलेला उतारा आला आणि सगळे आडवे. मागून मराठी येणारच म्हटल्यावर इंग्रजीकडे कान कोण देणार? 2000 पासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे आठवीतल्या मुलाची सात वर्षं झालेली, तीही अशीच अर्थ टिपण्यात. एका मुलीचं पुस्तक उघडलं तर 'द'वरसुद्धा 'तो' लिहिलेलं. मराठीत ज्याला शब्दच नाही, त्याचाही अर्थ. ती सवय मीच पक्की केलेली.

त्यात तिच्या घरी मालवणी. 'माका तान लागली'चं आधी 'मला तहान लागली' करायचं, मग 'टू मी थर्स्ट'. इथे 'ला' जाऊन 'आय' येतो, हे फळ्यावर समजावून भागत नाही. 'आय ऍम थर्स्टी' रोज कानावर पडावं लागतं. मी वर्गातच पाण्याची बाटली मागायला लावते.

एक ज्येष्ठ म्हणाले, "गाईडातले निबंध पाठ करून घ्या, बाई. निकाल लागतो." लागतो, खरंच. दहावीला लेखी 80 गुण, तोंडी वगैरे 20, पोरं निघतात. मग अकरावीला कणकवलीला गेली की तिथे वर्गात तोंड उघडत नाहीत. असले सल्ले चहाबरोबर संपवावेत.

उलट 'वर्गात मराठी बंद'वालेही नकोत. मी आता धडा आधी सलग वाचते, सोपे दोन प्रश्न टाकते. मराठी फक्त अडलेल्या चार-पाच शब्दांपुरती. पहिले पंधरा दिवस मुलं कावरीबावरी होतात, आपलाही धीर सुटतो. सुटू दे, परत अर्थ सांगायला मात्र लागू नका. एक सहामाही वाया गेली म्हणून कोणी बुडत नाही, माझी तर दोन गेली.

जुलैत तोंडी काम ठेवू नका, पत्र्यावरच्या पावसात स्वतःचाच आवाज येत नाही. तेव्हा लिहून घ्या. दिवाळीनंतर मी बंदरावरचा लिलाव वर्गात मांडला. वर्षभर मान खाली घालून बसलेला शेवटच्या बाकावरचा मुलगा बाकावर चढून ओरडला, "फ्रेश सुरमई! हाऊ मच यू गिव्ह?" 'विल' राहिलं होतं. मी बोली लावली.