वर्गात ट्वीडवरची व्यंगचित्रे कशी वाचावीत

मराठवाड्यातील आठवी ते दहावीच्या मुलांना राजकीय व्यंगचित्र वाचायला शिकवायचे असेल, तर थॉमस नास्ट या अमेरिकन चित्रकाराच्या १८७१ सालच्या चित्रांपासून सुरुवात करावी. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या शहरातला भ्रष्ट पुढारी मुलांना मोकळेपणाने न्याहाळता येतो आणि गावातल्या कोणाची बाजू घेण्याचा प्रश्न वर्गात उद्भवत नाही.

पार्श्वभूमी पाच मिनिटांत सांगावी. न्यूयॉर्कचा कारभार विल्यम ट्वीड आणि त्याची ‘टॅमनी हॉल’ ही राजकीय संघटना यांच्या हाती होता. शहराच्या कामांवरचे गुत्तेदार फुगवलेली बिले देत आणि जादा रक्कम ट्वीडच्या टोळीत वाटली जाई. जुलै १८७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे हिशेब छापले, तर ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकातून नास्टची चित्रे घरोघरी पोहोचली. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही ती समजत होती.

पहिले चित्र १९ ऑगस्ट १८७१ चे घ्यावे. खालचा मजकूर कागदाने झाकावा आणि अर्थ न विचारता फक्त काय दिसते ते वहीत लिहायला सांगावे. माणसे वर्तुळात उभी आहेत, पुढे पोट सुटलेला ट्वीड आहे आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो आहे. आता मुलांनी पेन्सिलने एका बोटापासून पुढच्या माणसापर्यंत रेघ ओढत जावे; ती फिरून निघाली तिथेच येते, तेव्हा वर्ग आपोआप बोलू लागतो. मग कागद काढावा. जनतेचा पैसा कोणी चोरला, असा प्रश्न तिथे आहे आणि उत्तर आहे, ‘त्याने’. या एका चित्राला पूर्ण तास द्यावा, घाई करू नये.

दुसऱ्या चित्रात ट्वीडच्या धडावर डोक्याऐवजी पैशांची थैली आहे. इथे पैठणच्या एकनाथांच्या भारुडाची आठवण करून द्यावी: विंचू म्हणताना नाथांना काम-क्रोध अभिप्रेत असतात, तशीच इथली थैली बुद्धीच्या जागी बसली आहे. चेहरा नसूनही माणूस ओळखू कसा येतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. तेच पोट आणि छातीवरचा तोच हिरा नास्टने वारंवार काढून वाचकांच्या ओळखीचा केला होता.

ही चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापली जात, म्हणून त्यांतल्या रेघा ठळक आहेत, एवढे सांगितले तरी पुरे.

पुढे काय झाले, हे मुले विचारतातच. ट्वीड १८७३ मध्ये दोषी ठरला, १८७५ मध्ये निसटला आणि १८७६ मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला; त्याची ओळख पटवायला नास्टचेच चित्र उपयोगी पडले. १८७८ मध्ये तो तुरुंगात वारला.

शेवटच्या तासाला नास्टचेच ३० सप्टेंबर १८७१ चे ‘अमेरिकेची गंगा नदी’ हे चित्र आवर्जून दाखवावे. त्यात कॅथलिक बिशप मगरींच्या रूपात शाळकरी मुलांवर चाल करून येताना दिसतात. आयरिश कॅथलिक स्थलांतरितांविषयीचा नास्टचा आकस त्यातून उघड होतो आणि तो मुलांपासून लपवणे मला गैर वाटते. वर्तुळाचे चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवून, कोणत्या चित्राचा रोख कृत्यावर आहे आणि कोणत्याचा समाजावर, हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत पाच ओळींत लिहावे.