रब्बी (यहुदी धर्मगुरू) आठवडाभर येणार असतील तर: बेळगावकडच्या यजमानांसाठी

मुंबईत भायखळ्याला रोडेफ शालोम हे पुरोगामी यहुद्यांचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने 1925 मध्ये मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन सुरू झाली, ही मंडळी त्याच परंपरेतली. त्यांच्याकडे आलेले परदेशी रब्बी पुढे आठवडाभर बेळगाव, खानापूर किंवा निपाणीला कुणाच्या घरी उतरणार असतील, तर तयारी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून मागे मोजत करायची.

बेळगावात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनअखेर सातच्या पुढे. शब्बाथचे (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या यहुदी विश्रांतिदिनाचे) दिवे त्याआधी 18 मिनिटं लागतात. म्हणजे डिसेंबरात साडेपाचला स्वयंपाक, आंघोळी, टेबल सगळं उरकलेलं हवं. शुक्रवारी दुपारी गोकाकचा धबधबा दाखवायला नेऊ नका, परतताना उशीर ठरलेला.

आधीच तीन गोष्टी विचारून घ्या: मांसाहार करतात का, शनिवारी गाडीत बसतात का, माईक-फोन चालतो का. पुरोगामींमध्येही प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. रब्बी बाईसुद्धा असू शकतात. स्टेशनवर सोबतच्या पुरुषाच्या गळ्यात हार घालून मोकळे होऊ नका. परदेशी पाहुणा आल्यापासून 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन भरावी लागते (पूर्वी याला सी-फॉर्म म्हणत), आणि जाहीर व्याख्यान ठरवण्याआधी व्हिसा कोणता आहे ते बघा.

उंबऱ्यावर रांगोळी जरूर काढा, पण स्वस्तिकाऐवजी कमळ काढा. आपल्यासाठी ते शुभचिन्ह असलं तरी त्यांच्या घरात त्याची आठवण फार वेगळी असते, आणि पहिल्याच पावलाला खुलासा देत बसणं कुणालाच बरं वाटत नाही. कडक काकांना गमतीने ‘हिटलर’ म्हणायची सवय असेल, तर ती आठवडाभर आवरा. त्यांच्या ग्रंथाला ‘जुना करार’ म्हणू नका, तो ख्रिस्ती शब्द. तोरा म्हणा, किंवा तनाख.

स्वयंपाकघर शाकाहारी असेल तर निम्मं काम झालं. मटण करणार असाल तर ते कोशर (यहुदी आहारनियमांप्रमाणे कापलेलं) मिळणं इथे कठीण, तेव्हा विचारल्याशिवाय करूच नका. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, त्यामुळे मटणाच्या रश्शानंतर दुधाचा कुंदा वाढणं ही इथली सगळ्यात सहज होणारी चूक. बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) घरांत अशा वेळी गोडाला नारळाचं दूध वापरतात. कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर मिठाच्या पाण्यात बुडवून, उजेडात किडे पाहून घ्या. अंडं आधी वाटीत फोडा, रक्ताचा ठिपका असेल तर टाकून द्या.

किद्दुशसाठी (शब्बाथच्या जेवणाआधी पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेसाठी) द्राक्षाचंच पेय लागतं. बाजारातलं जांभळं सरबत बहुतेकदा रंग आणि साखर असतं. बेने इस्राएलांची जुनी सोय सोपी आहे: पाव किलो काळे मनुके धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी हाताने कुस्करून फडक्यातून पिळायचे. उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आंबूस होतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा. टेबलावर दोन अख्खे पाव, वर स्वच्छ फडकं. बेकरीच्या पावात दूध-लोणी आहे का, तेवढं विचारा. दिव्यांना दोन निरांजनं चालतील. पंख्याच्या वाऱ्यापासून लांब ठेवा, चार तास पुरेल एवढं तेल आधीच घाला. मध्ये वात सारायची नाही, तेल घालायचं नाही, उचलून दुसरीकडे न्यायचं नाही. लाईट गेली म्हणून निरांजन घेऊन स्वयंपाकघरात जाण्याची सवय त्या रात्री सोडा.

शनिवारी सकाळच्या प्रार्थनेला दहा प्रौढ जमले तर उत्तम. पुरोगामी पद्धतीत बायकाही मोजल्या जातात आणि सगळे एकत्र बसतात. खुर्च्या मांडताना तोंड पूर्वेला करू नका. इथून जेरुसलेम पश्चिमेला, जरा वायव्येकडे आहे. हिब्रूच्या जोडीला मराठी वाचन ठेवायचं असेल तर उतारे आदल्या दिवशी वाटा. ऐन वेळी वाचायला दिलं की आजी चष्मा शोधतात आणि सगळे थांबतात.

शब्बाथ आकाशात तीन तारे दिसल्यावर संपतो. मग हव्दाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी: पेय, सुगंध, आणि अनेक वातींची मेणबत्ती. तीन बारीक मेणबत्त्या गरम पाण्यात (उकळत्या नाही) दोन-तीन मिनिटं ठेवा, नरम झाल्या की पेडासारख्या वळा. घाई केली तर मोडतात, जास्त ठेवल्या तर मेण सुटून वात उघडी पडते. डबीत लवंग, वेलदोडा, दालचिनी. शेवटी ज्योत त्याच मनुक्याच्या पाण्यात विझवतात, खाली ताटली हवीच.

त्या रात्री एलियाहू हन्नबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घेतलं जातं, म्हणून त्याच्या नावाने बेने इस्राएल करतात तो गोड पोह्यांचा मलिदा तिथे शोभतो. अर्धा किलो जाडे पोहे निथळून घ्या, पाव किलो किसलेला गूळ, एका नारळाचा चव, वेलदोडा, बदाम-बेदाणे हलक्या हाताने मिसळा, सोबत पाच फळं. पोहे पाण्यात राहिले तर लगदा होतो. गुळाला पाणी सुटतं, म्हणून तो तारे दिसल्यावरच घाला.