शब्दमर्यादेत कथा बसवताना

नवोदितांच्या लघुकथा स्पर्धेला कथा पाठवताय? मग पहिला परिच्छेद बोटाने झाकून दुसऱ्यापासून वाचा. कथा कळली, तर पहिला सरळ काढून टाका. माझ्या एका कथेत फोंड्याच्या घराचं, पावसाचं, माडांचं वर्णन दोनशे शब्द चाललं होतं. ते काढलं आणि कथा पोदेराच्या भोंग्यावर सुरू झाली: सायकल दारात, आई पिशवी घेऊन बाहेर, पण पाव नेहमीपेक्षा दोन कमी. घरातलं कोणीतरी गेलंय, हे तेवढ्यात कळतं. ‘पोदेर’ शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका हं, वाक्यातून तो आपोआप उमगतो.

मग शब्द मोजा. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडून लिहितात: ‘घरासमोर’ एक शब्द. ‘घरा समोर’ असं तोडलं तर संगणक दोन मोजतो, शिवाय ते चूकही आहे. अशा तोडलेल्या जागा जोडल्या की चार-पाच शब्द सहज वाचतात.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती अगम्य अक्षरं दाखवतो. आणि नियमांत कथेवर नाव नको म्हटलं असेल, तर फाइलच्या नावातूनही ते काढा.