कंबर धरली? मग या चुका टाळा

‘मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आलाय.’ खुर्चीत बसायच्या आधीच काकूंनी सांगून टाकलं. साडीच्या दुकानाच्या पिशवीत एमआरआयची फिल्म, कमरेला पट्टा, एक हात भिंतीला. आठ महिन्यांपूर्वी गव्हाचा डबा सरकवताना चमक भरली होती. तेव्हापासून वाकणं बंद, केर काढणं बंद, नातवाला उचलणं बंद. मी मागे वळून बघायला सांगितलं, तर मान, खांदे, कंबर सगळं एकदम, कपाट फिरवावं तशा त्या वळल्या. दुखणं केव्हाच कमी झालं होतं. आता भीतीने त्यांना आखडून ठेवलं होतं.

फिजिओथेरपीच्या कामात मला सगळ्यात जास्त नुकसान करताना दिसते ती हीच चूक: रिपोर्ट वाचून कंबर कायमची गेली असं धरून चालणं. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि एक्स-रेत दोन मणके जवळ आलेले दिसतात. बोलीभाषेत त्याचाच ‘गॅप’ होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर मुळीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. पन्नाशीच्या सुमारास ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्के लोकांच्या फुगलेल्या निघाल्या. विशीतसुद्धा झीज ३७ टक्के जणांत होती. म्हणजे फिल्मवर झीज दिसली तरी दुखणं तिच्यामुळेच आहे असं होत नाही. खाली सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिल्या आठवड्यात स्वतःहून एमआरआय काढायला जाऊ नका. सरकलेली गादीसुद्धा बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आक्रसते, हे रुग्णाला कुणी तरी सांगायला हवं.

दुसरी चूक म्हणजे अंथरूण धरणं. ‘पंधरा दिवस पडून राहा’ हा सल्ला घरोघरी अजून दिला जातो. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ साली आले. काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना कमरेचे व्यायाम दिले आणि काहींना झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितलं. लवकर बरे झाले ते हे शेवटचे. फार ठणकत असेल तर एखादा दिवस पडा, पण दर तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराच. उठताना सरळ झटक्याने बसू नका. आधी कुशीवर वळा, दोन्ही पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने व वरच्या तळहाताने गादीवर रेटा देऊन अंग वर घ्या. श्वास रोखून धरू नका. काकूंना हे तीनदा करून दाखवलं, चौथ्यांदा त्या माझ्या आधाराशिवाय उठल्या.

सकाळी उठल्याउठल्या वाकून लादी पुसायला घेऊ नका. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा ताठ गादीवर खोल वाकण्याचा ताण जास्त पडतो. पहिला तासभर चहा, आंघोळ, चालणं असू दे. मग वाका, पण वाकायचं सोडून देऊ नका. हंडा किंवा बादली उचलताना ती अंगाजवळ घ्या, गुडघे वाकवा आणि वळायचं असेल तर कमरेतून पीळ न देता पावलं टाकून वळा.

फळीवर किंवा नुसत्या फरशीवर झोपलं की कंबर बरी होते, असं पुष्कळांना वाटतं. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ३१३ रुग्णांच्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. घरातली कापसाची गादी पिंजून घेतलीत तरी बरंचसं काम होतं.

पट्टा प्रवासापुरता, ओझ्याच्या कामापुरता ठीक आहे. तो दिवसभर बांधून राहू नका. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरत्याच घ्या. बीपी, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर मेडिकलवाल्याला विचारून घेऊच नका. नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यामुळे बरं वाटणं फसवं ठरतं.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. नुसता पाय लावला तर त्याने अपाय नाही. पण ठणकत्या कमरेवर लाथ किंवा झटका देऊन ‘मणका बसवून’ घेऊ नका. साठीनंतर हाडं ठिसूळ असतात, अशा झटक्याने मणका पिचू शकतो.

आणखी एक चूक बरं वाटल्यावर होते: दुखणं थांबलं की व्यायाम थांबतो. रोज वीस-तीस मिनिटं चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, एवढं तरी चालू ठेवा. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर मात्रा कमी करा.

धोक्याची लक्षणं मात्र अंगावर काढू नका. संध्याकाळी ताप, वजन उतरणं आणि रात्री झोपमोड करणारी कंबरदुखी असेल तर मणक्याचा टीबी तपासायला हवा. आपल्या देशात तो अजून आढळतो. पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पाऊल उचलताना चप्पल सटकणं, ही लक्षणं असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर मज्जातंतूंचा झुबका दाबला गेलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.